दर पुस्तकात नवी जोडी, की दहा पुस्तकांत एकच?

कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही व्हॅम्पायरची एक कादंबरी वाचायला घेता. चारशे पानांत नायक-नायिकेचं भांडण होतं, जुळतं, तुटतं आणि शेवटी एकदाचं पक्कं होतं. खुशीत दुसरा भाग उघडता, तर ही जोडी मागच्या बाकावर जाऊन बसलेली आणि कथा भलत्याच दोघांची. तिकडे एखादी मैत्रीण वेगळंच कुरकुरत असते: तीन भाग संपले, प्रेतांचा खच पडला, आणि त्या दोघांनी अजून एकमेकांचा हातही धड धरलेला नाही! दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर लांडगा, चंद्र आणि धुकं. लेखकांनी आपापलं आश्वासन पाळलेलं असतं. ते आश्वासन काय होतं, हे तेवढं पुस्तक हातात घेताना कुणी सांगितलेलं नसतं.

पॅरानॉर्मल रोमान्स आणि अर्बन फँटसी ही ती दोन घराणी. दोन्हींत व्हॅम्पायर असतात, रूप बदलणारी माणसं असतात, चेटकिणी असतात, आणि दुकानात ती एकाच फळीवर ठेवतात, म्हणून गोंधळ होतो. फरक भुतांमध्ये नाही, प्रेमकथा कुठे बसवली आहे त्यात आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने कादंबरीला रोमान्स म्हणायला दोन अटी घातल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. पॅरानॉर्मल रोमान्स या दोन्ही अटी पाळतो. नायक सहाशे वर्षांचा असो की पौर्णिमेला अंगावर केस येणारा, शेवटच्या पानावर ती दोघं एकत्र असणारच. वाचणाऱ्यांच्या बोलीत याला ‘एचईए’ म्हणतात, म्हणजे ‘हॅपिली एव्हर आफ्टर’. आणि संसाराची खात्री नसली तरी सध्या सगळं छान चाललंय असा शेवट असेल तर ‘एचएफएन’, म्हणजे ‘हॅपी फॉर नाऊ’.

अर्बन फँटसीने असा शब्द दिलेला नसतो. तिथे खरं, नकाशावर सापडणारं शहर असतं, त्यात जादू मुरलेली असते, आणि त्या शहरात पोट भरण्यासाठी काहीतरी धंदा करणारं एक माणूस असतं. बहुतेकदा एखादी केस असते: खून, बेपत्ता मूल, चोरलेली वस्तू. प्रेम असतं, अनेकदा जोरदार असतं, पण ते वाटेत घडतं. कथेतून प्रेम काढून टाकलं तर काय उरतं, ही जुनी कसोटी अजूनही कामाला येते. कथा उभी राहिली तर अर्बन फँटसी, कोसळली तर रोमान्स.

पुस्तक विकत घेण्याआधी ही कसोटी कशी लावणार? पहिलं पान वाचा. ‘मी’ बोलत असेल, आणि त्या ‘मी’च्या पहिल्या काही वाक्यांत टोमणा असेल, तर बहुधा अर्बन फँटसी. एक प्रकरण तिच्या डोक्यातून आणि पुढचं त्याच्या डोक्यातून, असं तृतीय पुरुषी चाललं असेल तर बहुधा रोमान्स. मुखपृष्ठंही बोलतात. पाठमोरी बाई, चामड्याची पँट, खांद्यावर गोंदण, हातात तलवार, मागे शहर: अर्बन फँटसी. उघडी छाती आणि चित्राच्या चौकटीबाहेर गेलेलं डोकं: रोमान्स. (त्या बिचाऱ्या पुरुषांना डोकी का देत नाहीत कोण जाणे.) अपवाद अर्थातच सापडतात.

इतिहास थोडक्यात. 1987 साली एमा बुल या लेखिकेने मिनियापोलिस शहरातल्या रॉक बँडच्या मधोमध परीलोकाचं युद्ध आणून ठेवलं. अर्बन फँटसीची सुरुवात सांगताना हे नाव हमखास निघतं. 1993 मध्ये लॉरेल के. हॅमिल्टनची अनिता ब्लेक आली. सेंट लुइस शहरातल्या या बाईची नोकरी मेलेल्यांना थडग्यातून उठवायची. का, तर मृत्युपत्राचे वाद मिटवायला. सातबाऱ्यावरून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना अमेरिकनांपेक्षा जास्त पटेल. रोमान्सच्या बाजूला क्रिस्टीन फीहानची कार्पेथियन मालिका 1999 मध्ये सुरू झाली. 2000 मध्ये जिम बुचरचा शिकागोतला जादूगार हॅरी ड्रेस्डेन, 2001 मध्ये शार्लेन हॅरिसची लुइझियानातली वेट्रेस सूकी, आणि 2005 मध्ये स्टेफनी मेयरची ट्वायलाइट. त्यानंतर काही वर्षं व्हॅम्पायरचा महापूरच आला.

आता दोन मालिका जरा जवळून पाहू, प्रत्येक घराण्यातली एक.

इलोना अँड्र्यूज हे एका नवरा-बायकोचं जोडनाव. त्यांची केट डॅनियल्स ही मालिका 2007 ते 2018 अशी चालली, मुख्य भाग दहा. ठिकाण अटलांटा. या जगात जादू लाटांनी येते. लाट आली की बंदुका चालत नाहीत, दिवे जातात, पेट्रोलची गाडी जागच्या जागी मरते. लाट ओसरली की मंत्र निकामी आणि यंत्रं पुन्हा सुरू. कधी येईल, किती वेळ टिकेल, याचा नेम नाही. त्यामुळे लोक दोन्हींची तयारी ठेवतात. जादूच्या वेळी मंतरलेल्या पाण्यावर चालणाऱ्या गाड्या असतात. त्या गाडीपुढे बसून बराच वेळ मंत्र म्हटल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि सुरू झाली की कानठळ्या बसवते. उंच इमारती जादूने हळूहळू कुरतडल्या जाऊन पडल्या आहेत. एवढ्या एका नियमातून सगळं शहर उभं राहतं: वाहतूक, हत्यारं, पोलीस, घरभाडं. भारनियमन भोगलेल्या वाचकाला हे जग समजायला अर्धं पानही लागत नाही.

आणि व्हॅम्पायर? इथे ते मोहक नाहीतच. बुद्धी गेलेली, भुकेली प्रेतं आहेत, आणि मृतांवर सत्ता चालवणारे लोक दूर बसून त्यांना नुसत्या मनाने चालवतात. प्रेमात पडायची सोयच लेखकांनी बंद करून टाकली आहे.

केट भाडोत्री तलवारबाज. पहिल्या भागात तिच्या पालकाचा खून होतो आणि ती मारेकऱ्याच्या मागे लागते. जखम झाली की ती रक्ताळलेली पट्टी जाळून टाकते. का, ते पहिल्या भागात नीट कळत नाही, आणि खरी मालिका त्या पट्टीत आहे: हे रक्त कुणाचं, ते कुणाच्या हाती पडलं तर काय होईल, या प्रश्नावर दहा भाग चालतात. करन हा शहरातल्या सगळ्या रूपबदल्यांचा राजा, मूळ रूप सिंहाचं. पहिल्या भेटीत अंधारात ती त्याला मांजराला बोलवावं तशी हाक मारते. ती हाक त्याच्या जी डोक्यात बसते ती काही केल्या निघत नाही. दोघांचं खऱ्या अर्थाने जुळतं ते चौथ्या भागात. याला वाचक ‘स्लो बर्न’ म्हणतात, आणि ते उगाच ताणणं नसतं. केटला लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुणाला जवळ करायचं नाही, कारण जवळच्या माणसाच्या हाती तिचं गुपित लागेल. म्हणजे प्रेमकथा पुढे सरकते ती रक्ताच्या कथेबरोबरच. एकीचा वेग वाढवला तर दुसरी मोडेल. तिसऱ्या भागात तर अटलांटात चक्क राक्षस येतात, आपल्या पुराणांतले; वाचताना आपल्याला जरा घरचं माणूस भेटल्यासारखं होतं, खलनायक असलं तरी.

अशी मालिका मधून उचलता येत नाही. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर पाचवा भाग स्वस्तात मिळाला म्हणून घेतलात, तर दोन माणसं एकमेकांवर का चिडली आहेत तेच कळणार नाही.

दुसऱ्या घराण्यातलं उदाहरण नलिनी सिंगचं. फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली ही भारतीय वंशाची लेखिका. तिची साय-चेंजलिंग मालिका 2006 मध्ये सुरू झाली. इथे तीन जमाती आहेत: साधी माणसं, प्राण्याचं रूप घेणारे चेंजलिंग, आणि मनाची शक्ती असलेले साय. साय लोकांत वेडेपणा आणि हिंसा इतकी वाढली की 1979 साली त्यांनी मुलांना लहानपणापासून भावना मारायला शिकवायचं ठरवलं. या शिस्तीचं नाव सायलेन्स. राग नाही, माया नाही, स्पर्श नाही. शिवाय प्रत्येक सायचं मन एका सामाईक जाळ्याला जोडलेलं असतं आणि त्या जाळ्यातून तुटलं तर ते माणूस मरतं. कथा घडते त्यानंतर शंभर वर्षांनी.

आता यात प्रेमकथा टाका. पहिल्या भागातली साशा ही साय, ल्यूकस हा बिबट्यांच्या कळपाचा म्होरक्या. त्याच्या लोकांना स्पर्शाशिवाय करमत नाही, आणि तिला तर स्पर्शच वर्ज्य आहे. ती प्रेमात पडली तर आपल्या लोकांना सापडेल, आणि जाळं सोडलं तर जीव जाईल. दोघांच्या मधली अडचण गैरसमजातून आलेली नाही, साऱ्या जगाच्या रचनेतून आली आहे. चांगल्या पॅरानॉर्मल रोमान्सचं मर्म मला इथे दिसतं. साध्या प्रेमकथेत लेखकाला नायक-नायिकेला चारशे पानं वेगळं ठेवायला काहीतरी निमित्त शोधावं लागतं, आणि ते अनेकदा इतकं पोचट असतं की एका फोनने सुटलं असतं. इथे अडचण मालिकेच्या घटनेतच लिहिलेली असते.

साशा-ल्यूकसचं पहिल्या पुस्तकात जुळतं. दुसऱ्यात दुसरी जोडी, तिसऱ्यात तिसरी. ही मालिका चाळीसारखी आहे: खोलीखोलीत वेगळं बिऱ्हाड, पण गॅलरी एक, जिना एक, आणि खालून पाया खचतोय तो सगळ्यांचाच. सायलेन्सचं काय होणार, ही पायाची कथा 2016 च्या पंधराव्या भागापर्यंत चालते, आणि पुढे 2017 पासून नव्या नावाने दुसरं पर्व सुरू होतं. वाचकांना खिळवणारी गोष्ट मात्र शेजारची असते. लांडग्यांचा म्होरक्या हॉक आणि सायांमधून पळून आलेली सिएना यांच्यात काहीतरी शिजतंय, हे दुसऱ्यांच्या पुस्तकांत कडेकडेने दिसत राहतं. त्यांचं स्वतःचं पुस्तक येतं थेट दहावं, 2011 मध्ये. प्रत्येक पुस्तकात एक शेवट पदरात टाकायचा आणि दुसरा राखून ठेवायचा, ही या घराण्याची युक्ती. त्यामुळे फुटपाथवर मिळालेला सुटा भाग इथे वाचता येतो. मजा थोडी कमी होते, पण गोष्ट पुरी मिळते.

याच लेखिकेच्या दुसऱ्या मालिकेत जगावर राज्य करणारे देवदूत आहेत, आणि भारताची सत्ता नेहा नावाच्या देवदूताकडे. तिची ओळख विषांची राणी अशी. नेहा नावाची एक तरी मैत्रीण असलेल्या वाचकाला तिथे गंभीर राहणं अवघड जातं.

आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्यांना हे सगळं सुरुवातीला विचित्र वाटू शकतं. आपल्या भयकथेत जे बाहेरून आलं त्याला शेवटी घालवायचं तरी असतं, नाहीतर त्याला बळी तरी पडायचं असतं. इथे ते घरभाडं भरतं. सूकीच्या गावात जपानमध्ये बनवलेलं कृत्रिम रक्त बाटलीत मिळतं, म्हणून व्हॅम्पायर उघडपणे बारमध्ये येऊन बसतात आणि गावाला प्रश्न पडतो तो शेजाऱ्याशी वागायचं कसं हा. भीती हळूहळू शेजारधर्माच्या प्रश्नात बदलते. मुंजा, खवीस, हडळ, समंध अशी नावनिशीवार वर्गवारी करणाऱ्या आपल्या परंपरेला नियम नवीन नाहीत. त्यांनी जीएसटी भरावा, एवढंच नवीन आहे.

मग वाचकांची खरी नाराजी कुठे होते? जिथे मालिका मध्येच एका घराण्यातून दुसऱ्यात जाते, किंवा वाचकाला तसं वाटू लागतं. अनिता ब्लेकच्या सुरुवातीच्या भागांत नायिका पुरुषांपासून चार हात लांब राहणारी, आणि कथा गुन्ह्यांच्या तपासाची. 2001 च्या दहाव्या भागापासून शृंगाराने तपासाला बाजूला सारलं. वाचकांत सरळ दोन तट पडले आणि आजही ‘नवव्या भागापर्यंत वाचा आणि थांबा’ असा सल्ला देणारे भेटतात. मला तो सल्ला पटतो. नववा भाग चांगला आहे आणि त्यात तपासाचं वजन पूर्ण आहे.

सूकीचं प्रकरण जास्त बोलकं. तेरा भाग, 2001 ते 2013. ‘मी’ बोलते, खून होतात, तपास होतो. सगळी लक्षणं अर्बन फँटसीची. पण 2008 पासून टीव्हीवर या पुस्तकांवर बेतलेली ट्रू ब्लड ही मालिका सुरू झाली आणि लाखो प्रेक्षक एकाच प्रश्नावर येऊन थांबले: सूकी कोणत्या व्हॅम्पायरची होणार? शेवटच्या भागात तिने केलेली निवड पुष्कळांच्या मनासारखी नव्हती, आणि एवढा गदारोळ झाला की वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. हॅरिसने रोमान्सचा शब्द दिलेलाच नव्हता. पहिल्या भागापासून सूकीची ओढ उन्हाची आहे, अंगणात पडून ऊन खाणारी बाई आहे ती. शेवट त्या स्वभावाला धरून आहे. वाचकांनी मात्र बारा वर्षं मनातल्या मनात रोमान्सचा करार लिहून त्यावर स्वतःच सही केली होती.

आता क्रमाची भानगड. मुख्य भागांच्या मधे ‘अडीच’, ‘साडेपाच’ असे आकडे दिसतात. त्या नॉव्हेला, म्हणजे छोट्या कादंबऱ्या, किंवा लघुकथा असतात. बहुतेक वगळल्या तरी चालतात, पण काही चालत नाहीत. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन ही वॉशिंग्टन राज्यातली फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक, कोल्ह्यासारख्या कोयोटीचं रूप घेणारी. तिचा शेजारी अ‍ॅडम हा नरलांडग्यांचा, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांचा, म्होरक्या आणि टापटिपीचा भोक्ता. त्याला डिवचायला ती एक मोडकी रॅबिट गाडी मुद्दाम त्याच्या खिडकीतून दिसेल अशी ठेवते, आणि त्याने जास्त शहाणपणा केला की त्या गाडीची दशा आणखी भकास करते. दोन माणसांत काय चाललंय ते या भंगार गाडीवरून जितकं कळतं तितकं मोठाल्या संवादांनी कळलं नसतं. याच जगात चार्ल्स आणि अ‍ॅना यांची वेगळी मालिका आहे. तिचा ‘पहिला भाग’ 2008 चा, पण ती दोघं भेटतात त्याआधीच्या नॉव्हेलात, जी 2007 मध्ये चार लेखिकांच्या एका संग्रहात आली होती. ती न वाचता पहिला भाग उघडला तर वाटतं, आपण लग्नाला गेलो आणि मंगलाष्टकं होऊन गेली. म्हणून कोणतीही मालिका सुरू करताना लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा वाचनक्रम बघावा, आणि गोंधळ वाटला तर सरळ प्रकाशनाच्या क्रमाने जावं. कथेतल्या काळानुसार लावलेले क्रम पुन्हा वाचणाऱ्यांसाठी ठीक. पहिल्यांदा वाचणाऱ्याची रहस्यं ते आधीच फोडतात.

अपूर्ण मालिकांची जोखीमही लक्षात घ्या. ड्रेस्डेनचा 2014 चा भाग संपवून वाचक थेट 2020 पर्यंत थांबले, आणि मग एकाच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्ये दोन भाग आले, कारण एक कथा फुगून दोन पुस्तकांची झाली होती. केट डॅनियल्ससारखी मुख्य कथा पुरी झालेली मालिका नवख्यांसाठी म्हणूनच बरी.

एक अडचण मात्र गोड शब्दांत झाकू नये. या पुस्तकांतला ‘अल्फा’ नायक, म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा म्होरक्या, आणि नियतीने बांधलेली जोडी, ज्याला ‘मेट’ म्हणतात, हे दोन्ही प्रकार सहज घाणेरडे होऊ शकतात. ‘ती माझी आहे, माझ्या आतल्या लांडग्याला ठाऊक आहे’ या वाक्याच्या आडून पाठलाग, जबरदस्ती, नोकरी सोडायला लावणं असलं बरंच काही खपवलं गेलं आहे, विशेषतः 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. कळपातल्या प्राण्याचा स्वभाव म्हणून माणसाचं वागणं माफ करायचं, ही पळवाट मला कायम खटकते. चांगल्या लेखिका तोच प्रश्न कथेत आणतात: बंध निसर्गाने घातला असेल तर ‘हो’ म्हणण्याला काय किंमत? मर्सीच्या तिसऱ्या भागात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. तो चवीने रंगवलेला नाही आणि त्याचे परिणाम चौथ्या भागात गंभीरपणे येतात, पण माहिती नसताना समोर आला तर हादरायला होतं. आधी माहीत असलेलं बरं.

प्रकाशकांचा ओघ 2010 नंतर आटत गेला. काही लेखकांनी आपली वाट काढली. इलोना अँड्र्यूजने इनकीपर ही मालिका आपल्या संकेतस्थळावर फुकट, तुकड्यातुकड्याने लिहायला घेतली आणि मग पुस्तक काढलं. आज ज्याला रोमँटसी म्हणतात, राजवाडे, ड्रॅगन आणि परीराजे असलेलं, त्यात याच दोन घराण्यांचं रक्त आहे. शहर तेवढं गेलं. मला शहराची आठवण येते. ट्रॅफिक सिग्नलला थांबलेला नरलांडगा हा राजवाड्यातल्या परीराजापेक्षा केव्हाही जास्त मजेशीर.

सुरुवात कुठून करावी? प्रत्येक पुस्तकाला शेवट हवाच असेल तर नलिनी सिंग, पहिल्या भागापासून. हसायला हवं असेल तर सूकी. जग आणि हाणामारी हवी असेल तर केट, पण तिचा पहिला भाग सगळ्यांत कच्चा आहे. तिसऱ्यापर्यंत धीर धरा आणि मग निर्णय घ्या. एका रात्रीत वाचून संपवायचं असेल तर मर्सीचा पहिला भाग. आणि तिथून चार्ल्स-अ‍ॅनाकडे वळलात तर आधी ती नॉव्हेला मिळवा; ई-बुक म्हणून ती सुटी मिळते, आख्खा संग्रह घ्यायची गरज नाही.